लेखणीचा धंदा आणि मोबाईलवरचे दुकान

भिवंडीचा कारखानदार गिऱ्हाईक आले की कापडाचा तागा उलगडून दाखवतो. उल्हासनगरचा फर्निचरवाला खुर्च्या थेट रस्त्यावर मांडतो. कल्याणच्या दूध नाक्याकडचा शिंपी तयार शेरवानी काचेत टांगून ठेवतो. पण ज्याचा धंदाच लिहिण्याचा आहे, त्याने काय टांगावे? जाहिरातीचा मजकूर, हस्तपत्रके, कंपनीचे माहितीपत्रक, मराठी-उर्दू-हिंदी-इंग्रजी भाषांतर अशी कामे घरबसल्या स्वतंत्रपणे करणारी मुले-मुली आज मुंब्रा, कौसा, राबोडी, कल्याण आणि भिवंडीत घरोघरी आढळतात. घरात उर्दू किंवा कोकणी, शाळेत मराठी आणि कॉलेजात इंग्रजी शिकलेल्या या मुलांजवळ तीन-चार भाषांचे भांडवल असते. तरीही काम मिळत नाही अशी त्यांची तक्रार असते, आणि व्यापाऱ्याची तक्रार असते की चांगले लिहून देणारा माणूस सापडत नाही. दोघे एकाच गल्लीत राहतात, पण एकमेकांना ठाऊक नसतात.

लेखणीवर पोट भरणे आपल्या समाजाला नवीन नाही. मुंबईच्या उर्दू वर्तमानपत्रांचा सगळा मजकूर पूर्वी कातिब मंडळी हाताने लिहीत. 1981 मध्ये 'नूरी नस्तालीक' हे संगणकाचे अक्षर आले, 1994 मध्ये 'इनपेज' आले, आणि थोड्याच वर्षांत कातिबांचे काम गेले. सुंदर अक्षराची गरज यंत्राने भागवली, पण काय लिहायचे हे ठरवणाऱ्याची गरज राहिलीच. उलट नवी कामे निघाली. 2022 मध्ये महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा रंगाऱ्यांकडे रांगा लागल्या. त्या घाईत लिहिलेल्या पाट्यांवरील ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आजही वाचायला मिळतात. त्या वेळी ज्याने आपल्या मोबाईलवर "मराठी पाटीचा शुद्ध मजकूर करून मिळेल" एवढे जरी जाहीर केले असते, त्याला काम शोधावे लागले नसते.

दुकान कोठे मांडावे?

आपला व्यापारी जेथे बसतो तेथे. ठाणे-कल्याणच्या बाजारातला दुकानदार दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर असतो, म्हणून सुरुवात तेथूनच करावी. 2018 पासून धंद्यासाठी वेगळे 'व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस' मिळते व त्याला पैसे पडत नाहीत. त्यात मालाची यादी मांडण्याची सोय आहे. लेखकाने तीत आपली कामे मालासारखीच लिहावीत: एक पानाचे हस्तपत्रक, शंभर शब्दांचे भांषातर, लग्नपत्रिकेचा दोन भाषांतला मजकूर, आणि प्रत्येकापुढे दर. दर लिहायला पुष्कळजण लाजतात. पण दर नसलेल्या दुकानात गिऱ्हाईक शिरायला बिचकते, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

एकाच वेळी अनेकांना निरोप पाठवण्याच्या यादीत 256 नावे बसतात, परंतु ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच तो निरोप पोचतो. तेव्हा आधी ओळख, मग यादी. जमातीच्या किंवा मोहल्ल्याच्या ग्रुपवर रोज जाहिरात टाकणारा माणूस लवकरच नकोसा होतो. मय्यतीच्या खबरीखाली "माहितीपत्रक बनवून मिळेल" असा मजकूर मी स्वतः पाहिला आहे. अशाने काम मिळायचे दूरच, असलेली इज्जतही जाते.

वागळे इस्टेट किंवा डोंबिवली एमआयडीसीतल्या कंपन्यांचे काम हवे असेल तर मात्र लिंक्डइन बरे. तेथे इंग्रजीत लिहावे लागते. फेसबुकवर शहरांचे व धंद्यांचे स्थानिक गट असतात, ते भाषांतराच्या कामाला उपयोगी पडतात. इन्स्टाग्राम चित्रांचा बाजार आहे. तेथे शिवणकाम, मेंदी, बेकरीवाल्यांची गर्दी असते. लेखकाने त्यांची गिऱ्हाइके व्हावे त्यापेक्षा त्यांना आपली गिऱ्हाइके करावीत.

नमुना कसा दाखवावा?

"आम्ही दर्जेदार लेखन करतो" असे लिहून कोणाचा विश्वास बसत नाही. काम दाखवावे. समजा, एका फर्निचरवाल्याचे पत्रक आहे: "सर्व प्रकारचे उत्तम फर्निचर योग्य दरात मिळेल." असे पत्रक हजार दुकानांचे असते. त्याच्या शेजारी लिहून दाखवावे: "सागवानी दिवाण, सहा बाय चार, आत सामानाची पेटी. कल्याण-डोंबिवलीत घरपोच. एक वर्ष दुरुस्ती मोफत." दोन्ही मजकूर शेजारी-शेजारी ठेवले की लेखकाला स्वतःची तारीफ करावी लागत नाही, फरक वाचणाराच पाहतो. आठवड्यातून असा एक नमुना पुरे. प्रत्येक वेळी धंदा वेगळा घ्यावा, म्हणजे आज बेकरी, पुढे जिम, मग शिकवणी वर्ग.

हा नमुना केवळ चित्र बनवून टाकू नये. चित्रातली अक्षरे शोधणाऱ्याच्या हाती सहसा लागत नाहीत. खाली मजकूर युनिकोड मराठीत टाइप करावा, आणि गावाचे नाव घालावे. "कल्याणमध्ये उर्दू-मराठी भाषांतर" असे कोणी शोधले तर आपण सापडलो पाहिजे.

गिऱ्हाइकाचे काम त्याच्या परवानगीवाचून दाखवणे योग्य नाही, कारण त्याचा दर, त्याची योजना ही अमानत आहे. परवानगी नसेल तर काल्पनिक दुकानाचा नमुना करावा व तो काल्पनिक आहे असे स्पष्ट लिहावे.

ओले धान्य

येथे हदीसमधील एक प्रसंग आठवतो. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तर आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले, तेव्हा ते ओले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले. लेखकाच्या धंद्यात ओले धान्य पुष्कळ प्रकारचे असते. पैसे देऊन अनुयायी विकत घेणे, भावाकडून व चुलतभावाकडून गिऱ्हाईक म्हणून शिफारशी लिहून घेणे, दुसऱ्याचे काम आपले म्हणून दाखवणे, हे सगळे त्यातलेच. आता एआयकडून मजकूर काढून घेण्याची सोय झाली आहे. साधन वापरण्यास हरकत नाही. पण ते वापरून वर "स्वतः लिहिलेले" असे म्हणून पुरा दर घेणे, हे वर सुके आणि आत ओले नव्हे काय?

काय लिहून द्यायचे नाही, तेही आधी ठरवावे. हकीम व औषधविक्रेत्यांचे काम आपल्या भागात वारंवार येते. मधुमेह मुळापासून बरा होईल असा दावा करणारी जाहिरात 1954 च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने मना आहे. "गिऱ्हाइकाने सांगितले म्हणून लिहिले" ही सबब चालेल असे समजू नये.

बयाणा आणि वसुली

हा भाग कडू आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. सुतार बयाणा घेतल्याशिवाय लाकूड कापत नाही, मग लेखकानेच का कापावे? एका कारखानदाराच्या माहितीपत्रकाचे पैसे माझे स्वतःचे अडकले ते अडकलेच, कारण सगळे तोंडी ठरले होते. निम्मी रक्कम आधी घ्यावी, आणि काम, दर, तारीख, किती वेळा दुरुस्ती करून मिळेल हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून समोरच्याचा "कबूल" घ्यावा. तो निरोप पुसू नये.

'उद्यम' नोंदणी आधार क्रमांकावर विनामूल्य होते व सेवा देणाऱ्यालाही मिळते. नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत द्यावेत, असा कायदा आहे. 2023-24 या आर्थिक वर्षापासून मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची वजावट घेणाऱ्याला आयकरात ती रक्कम चुकती करेपर्यंत मिळत नाही, म्हणून मोठ्या कंपन्यांचे हिशेबनीस आता स्वतःहून उद्यम क्रमांक विचारतात. उशिरावर कायद्याने व्याजही मागता येते. ते आपण घेणार नाही, परंतु मुदतीचा हक्क सोडण्याचे कारण नाही. जीएसटीची नोंदणी सेवेच्या वार्षिक वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही.

आणखी एक. मोलाने लिहून दिलेल्या मजकुराचा कॉपीराइट 1957 च्या कायद्याप्रमाणे लेखकाकडे राहतो, तो लेखी सहीनेच दुसऱ्याकडे जातो. व्यापारी बंधूंनीही हे ध्यानात ठेवावे आणि बिलावरच तसा उल्लेख करून घ्यावा, म्हणजे पुढे वाद नको.

भाड्याचा गाळा

ही सगळी दुकाने दुसऱ्याच्या जागेत आहेत. ऑर्कुट 2014 मध्ये बंद झाले. 29 जून 2020 रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि लाखो लोकांची गिऱ्हाइके एका रात्रीत दिसेनाशी झाली. म्हणून गिऱ्हाइकांची नावे व नंबर एका साध्या वहीत उतरवून ठेवावेत, आणि नमुन्यांची एक प्रत स्वतःच्या संगणकावर. भगिनींनी धंद्यासाठी वेगळे सिम घ्यावे, घरचा पत्ता टाकू नये व पैशाचा व्यवहार बँकेतूनच ठेवावा.

रमजानच्या मजकुराचे नमुने शाबानच्या पहिल्या आठवड्यातच टाकावेत. कपडेवाले आणि मिठाईवाले तेव्हाच पत्रके ठरवतात. चांदरातीला छापखान्यात जागा नसते आणि छापून उपयोगही नसतो.