परक्याचे दुःख कळते का? : जॉन हॉवर्ड ग्रिफिनच्या प्रयोगाच्या निमित्ताने
(तृतीय वर्ष, कला. समाजशास्त्र विभाग)

दुसऱ्याचे दुःख कळायचे तर त्याच्या वंशाला जावे लागते, असे आपल्याकडे जुनी माणसे म्हणतात. बोलताना आपण 'वंश' हा शब्द सहज वापरून जातो. परंतु अमेरिकेतील वर्णद्वेषासंबंधी वाचताना हा शब्द अक्षरशः घ्यावा लागतो. गोऱ्या माणसाला काळ्या माणसाचा अनुभव खरोखर कळू शकतो काय? तो कळण्यासाठी त्याच्या वंशाला जाणे शक्य आहे काय? हा प्रश्न तात्त्विक वाटेल. पण एका माणसाने तो स्वतःच्या कातडीवर सोडवून पाहिला, आणि त्या प्रयोगाचे फलित आपल्यालाही विचार करायला लावणारे आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

जॉन हॉवर्ड ग्रिफिन हा १९२० साली टेक्सास राज्यात डॅलस येथे जन्मलेला गोरा लेखक. तरुणपणी तो फ्रान्समध्ये शिकत होता आणि तेथे नाझींच्या तावडीतून ज्यू लोकांना पळून जाण्यास साहाय्य करणाऱ्या गुप्त कार्यात त्याने भाग घेतला होता. पुढे युद्धात पॅसिफिकमध्ये असताना झालेल्या इजेमुळे त्याची दृष्टी गेली. सुमारे दहा वर्षे तो आंधळा होता, आणि १९५७ साली त्याला पुन्हा दिसू लागले. ज्याला इतकी वर्षे कोणाचाच रंग दिसला नव्हता, त्याने दिसू लागल्यावर रंगाचाच अभ्यास हाती घ्यावा, हा योगायोग मला विलक्षण वाटतो.

१९५९ च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीस ग्रिफिन न्यू ऑर्लिन्स शहरात आला. एका त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली त्याने कातडी काळवंडविणाऱ्या गोळ्या घेतल्या, अतिनील दिव्याखाली तासन्‌तास अंग शेकले, उरलेसुरले रंगाने माखले आणि डोक्याचा गोटा केला. नाव मात्र बदलले नाही, शिक्षण बदलले नाही, पोशाख व बोलणेही बदलले नाही. कोणी विचारले तर खरे सांगायचे, असे त्याने ठरविले होते. प्रयोग म्हणून ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सर्व स्थिर ठेवायचे, ही प्रयोगशाळेतील शिस्त त्याने पाळली. 'सेपिया' नावाच्या, मुख्यतः काळ्या वाचकांसाठी निघणाऱ्या मासिकाने त्याचा खर्च केला. लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा व जॉर्जिया या राज्यांतून तो सुमारे सहा आठवडे हिंडला. १९६१ साली त्याचे 'ब्लॅक लाइक मी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

या पुस्तकात मारहाणीचे प्रसंग फार असतील अशा समजुतीने मी ते हाती घेतले. तसे ते नाहीत. मनात रुतून बसते ते वेगळेच. पाणी कोठे प्यायचे, लघवीला कोठे जायचे, याचा हिशेब ठेवून रस्ता आखावा लागणे. बसस्थानकावर तिकीट मागितले असता खिडकीतील बाईने मोडीचे निमित्त करून द्वेषाने रोखून पाहणे. वाटेत बस थांबली असता गोऱ्या उतारूंना खाली सोडून काळ्यांना दारातच अडविणे. मिसिसिपीतून मोबाइल शहराकडे जाताना रात्री ज्या गोऱ्या मोटारचालकांनी त्याला गाडीत घेतले, त्यांतील अनेकांनी काळ्यांच्या कामजीवनाविषयी निर्लज्ज प्रश्न विचारले. दिवसाउजेडी हीच माणसे सभ्य गृहस्थ असणार. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' हे तत्त्व मान्य केले आणि १९५४ साली शाळांच्या बाबतीत ते रद्द ठरविले, हे आपण परीक्षेसाठी पाठ करतो. त्या निकालांमधला 'वेगळे' हा शब्द एका माणसाच्या तहानेला कसा येऊन भिडतो, ते ग्रिफिनकडून कळते.

तरीही माझ्या दृष्टीने पुस्तकातील सर्वांत मोलाचा प्रसंग आरशाचा आहे. रंग पूर्ण झाल्यावर दिवा लावून तो आरशात पाहतो, तेव्हा समोर एक अनोळखी काळा माणूस उभा असतो आणि त्या माणसाविषयी ग्रिफिनला आपुलकी वाटत नाही. जन्मभर वंशद्वेषाविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाला स्वतःचा चेहरा परका वाटावा! पुस्तकातील पुढची सगळी माहिती एखाद्या चांगल्या वार्ताहराला बाहेर राहूनही कदाचित मिळवता आली असती. ही एक गोष्ट मात्र गोऱ्याखेरीज कोणाला सांगताच आली नसती, कारण ती काळ्यांच्या अनुभवाविषयी नाहीच. ती गोऱ्याच्या मनाविषयी आहे.

दुसरा प्रसंग बूट पॉलिश करणाऱ्या एका वृद्धाचा. पूर्वी गोरा असताना ग्रिफिन त्याच्याकडून बूट चमकवून घेत असे. काळा झाल्यावर त्याने या एका माणसाला आपले गुपित सांगितले. थोड्याच वेळात तो म्हातारा विसरून गेला आणि काळ्यांविषयी बोलताना ग्रिफिनलाही त्यात धरून बोलू लागला. इंग्रजीत त्यासाठी एकच सर्वनाम आहे. मराठीत मात्र 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद आहे. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवून बोलायचे तेव्हा 'आम्ही', त्याला आत घेऊन बोलायचे तेव्हा 'आपण'. मराठीत तो प्रसंग लिहिणाऱ्याला येथे निवड करावीच लागेल, आणि म्हाताऱ्याच्या तोंडी 'आपण'च घालावे लागेल. मला वाटते, या लेखाचा सगळा प्रश्न या दोन सर्वनामांमधला आहे.

मग ग्रिफिनला काळ्यांचा अनुभव कळला काय? माझे उत्तर असे की, त्याला अपमान कळला. आयुष्य कळले नाही. त्याच्या खिशात परतीचे तिकीट होते. माँटगोमेरीत तर तो रंग घासून गोरा होई आणि पुन्हा रंग लावून काळा होई, दोन्ही बाजू पडताळून पाहण्यासाठी. ज्याला रंग धुता येतो त्याची भीती निराळी असते. त्याला काळ्या आईने वाढविले नव्हते. रस्त्यावर नजर खाली ठेवावी हे त्याला पाचव्या वर्षी कोणी शिकविले नव्हते. त्याच्याआधी १९४८ साली रे स्प्रिगल या गोऱ्या पत्रकाराने तीस दिवस असाच वेष घेऊन लेखमाला लिहिली होती, आणि नंतर १९६९ साली ग्रेस हॅल्सेल या बाईंचे याच धर्तीचे पुस्तक आले. मर्यादा तिघांचीही हीच.

येथे बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा आठवल्यावाचून राहत नाही. १९६३ साली याच नावाचा त्यांचा संग्रह निघाला. रेल्वेत नोकरी लागलेला तरुण परगावी जात लपवून खोली घेतो आणि ती उघड होताच मार खातो. ग्रिफिनने रंग चोरला तो वरून खाली येण्यासाठी, आणि उघडकीला आल्यावर जगाने त्याला वार्ताहर म्हणून मुलाखतीला बोलाविले. बागुलांच्या नायकाने जात चोरली ती राहायला छप्पर हवे म्हणून. अर्थात ग्रिफिनलाही फुकट काही मिळाले नाही. १९६० साली त्याच्या गावात त्याचा अर्धा काळा, अर्धा गोरा पुतळा भर रस्त्यात टांगला गेला आणि कुटुंबासह त्याला काही काळ मेक्सिकोत जाऊन राहावे लागले. पण ध्यानात घ्या, ही शिक्षा त्याला गोऱ्यांशी फितुरी केली म्हणून मिळाली.

बाहेरच्याला जाच दिसतो, जगणे निसटते, हे केवळ वेषांतर करणाऱ्यांनाच लागू आहे असे नाही. कार्नेगी कॉर्पोरेशनने अमेरिकेतील काळ्यांच्या प्रश्नाच्या अभ्यासासाठी गुन्नार मिर्दाल या स्वीडिश अर्थशास्त्रज्ञाला मुद्दाम बोलाविले होते. वसाहती नसलेल्या देशाचा माणूस निःपक्षपाती राहील, असा त्यामागचा हिशेब. १९४४ साली त्याचा 'अ‍ॅन अमेरिकन डायलेमा' हा प्रचंड ग्रंथ निघाला. ग्रंथ थोरच आहे. परंतु काळ्यांचे जीवन हे मुख्यतः गोऱ्यांच्या दडपणाला उमटलेली प्रतिक्रिया आहे, अशी त्याची मांडणी होती. त्यावर राल्फ एलिसन या काळ्या कादंबरीकाराने जो आक्षेप घेतला तो मला बिनतोड वाटतो. कोणताही समाज शतकानुशतके नुसत्या प्रतिक्रियेवर जगू शकतो काय, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. काळ्यांनी गाणी रचली, देवळे उभारली, विनोद केले, लग्ने लावली. हे सारे गोऱ्यांना उत्तर म्हणून केले काय? आपल्याकडे श्री. म. माटे यांच्या 'उपेक्षितांचे अंतरंग' (१९४१) या पुस्तकाविषयीही असेच काहीसे म्हणता येईल. माट्यांची कळकळ खरी होती, तिच्यापायी त्यांनी 'महार माटे' ही कुचेष्टा सोसली. पण 'बलुतं' (१९७८) वाचताना वस्तीतले हसणे, भांडणे, हेवेदावे जसे कानावर येतात तसे ते माट्यांत येत नाहीत.

समाजशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र येथेच थांबून चालत नाही. सीझर समजण्यासाठी सीझर असावे लागत नाही, अशी मॅक्स वेबरची भूमिका होती, आणि ती सोडली तर आपल्या विषयाला कुलूपच लावावे लागेल. रॉबर्ट मर्टनने १९७२ साली आतले आणि बाहेरचे या वादावर एक महत्त्वाचा निबंध लिहिला. काळ्यांनाच काळे कळतात असे मानले तर काळ्या स्त्रीला काळा पुरुष कळणार नाही, शहरी काळ्याला खेड्यातला काळा कळणार नाही, आणि ही वाटणी करीत गेले तर शेवटी ज्याचे त्यालाच कळते एवढेच उरते. युक्तिवाद म्हणून हे बरोबर आहे. पण त्यात एक गोष्ट सुटते असे मला वाटते. कळणे हे दोन्ही बाजूंना सारखे वाटलेले नसते. पॅट्रिशिया हिल कॉलिन्स या काळ्या विदुषीने १९८६ साली गोऱ्यांच्या घरी राबणाऱ्या काळ्या मोलकरणींचे उदाहरण दिले आहे. मालकिणीचे संसार, रागलोभ, लपवाछपवी मोलकरणीला सारे ठाऊक असते. मालकिणीला मोलकरणीचे घर क्वचितच माहीत असते. खालच्याला वरच्याचे मन ओळखावेच लागते, त्यावर त्याची भाकरी अवलंबून असते. वरच्याला न कळून चालते. तेव्हा 'बाहेरच्याला कळते काय' या प्रश्नाला, कोणता बाहेरचा, असा प्रतिप्रश्न केला पाहिजे.

आता थोडे स्वतःविषयी. वर्गात दलित साहित्याचा तास असला आणि एखादे अवघड वाक्य आले की काही माना माझ्याकडे वळतात. त्यात वाईट हेतू नसतो. पण माझा जन्म शहरातला, वडील सरकारी नोकरीत. खेड्यातल्या पाणवठ्याविषयी मला जे ठाऊक आहे ते आजीकडून ऐकलेले. आणि अमेरिकेतील काळ्यांच्या बाबतीत तर मी सर्वस्वी बाहेरचा. तरीही ग्रिफिनचे पुस्तक वाचताना तिकिटाच्या खिडकीतील ती नजर मला समजावून घ्यावी लागली नाही. भाड्याची खोली पाहायला गेल्यावर सगळे जमून येते, आणि मग घरमालक सहज विचारल्यासारखे 'आडनाव काय?' म्हणतो, त्या एका क्षणाची ओळख मला होती. पण फरकही आहे. मला आडनाव सांगेपर्यंतची पाच मिनिटे मिळतात. काळ्या माणसाला दारात उभे राहताच उत्तर मिळालेले असते.

अशा अर्ध्या ओळखीवरच मोठी नाती जुळली आहेत. महात्मा फुल्यांनी अमेरिका पाहिली नव्हती, तरी १८७३ साली 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केली ती गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, काळ्यांतर्फे संयुक्त राष्ट्रसंघापुढे जाणाऱ्या निवेदनाची प्रत मागितली आणि दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य दाखविले. मात्र गुलामगिरी आणि अस्पृश्यता एक नव्हेत, हेही त्यांनी अन्यत्र बारकाईने मांडले आहे. साम्य पाहूनही भेद न पुसण्याची ही शिस्त १९७२ साली 'दलित पँथर' हे नाव घेताना कितीजणांनी पाळली, हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

मार्टिन ल्यूथर किंग १९५९ साली भारतात आले होते. त्रिवेंद्रमच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी मुलांना त्यांची ओळख अमेरिकेतून आलेला आपल्यासारखाच एक अस्पृश्य अशी करून दिली. ही हकीकत किंगनी १९६५ च्या एका प्रवचनात सांगितली आहे. पंतप्रधानांचा पाहुणचार घेऊन आलेल्या किंगना क्षणभर धक्का बसला, थोडा रागही आला. मग आपल्या देशातील दोन कोटी बांधवांचे दैन्य त्यांच्या डोळ्यांपुढे आले आणि होय, मी अस्पृश्यच आहे, असे ते मनाशी म्हणाले. मला या गोष्टीत तो राग फार महत्त्वाचा वाटतो. तो त्यांनी लपविला नाही, म्हणूनच पुढची कबुली खरी वाटते.

आणि जे अमेरिकेचे दाखले देतात त्या आपले काय? मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडा येथे जमावाने नायजेरियन विद्यार्थ्यांना मारहाण केली. आमच्या शहरातही आफ्रिकी विद्यार्थी शिकतात. त्यांना खोली मिळत नाही, रिक्षावाले हाका मारतात, बसमध्ये शेजारची जागा मोकळी राहते. यात सगळ्या जातींचे लोक असतात, आमच्या वस्तीतलेही असतात. काळ्यांच्या कविता तोंडपाठ असणाऱ्या माझ्या एका मित्राला मी विचारले, यांच्यापैकी एकाशी तरी कधी बोललास काय? तो म्हणाला, त्यांची इंग्रजी कळत नाही.

ग्रिफिनची पुढची हकीकत सांगायची राहिली. पुस्तक गाजल्यावर गावोगावी दंगलींच्या काळात गोरे नागरिक त्याला सल्ल्यासाठी बोलावू लागले. बैठकीत त्याच गावचे काळे पुढारी बसलेले असत, आणि तरीही काळ्यांना काय हवे आहे, हा प्रश्न ग्रिफिनला विचारला जाई. तो संकोचे. त्या खोलीतल्या काळ्यांनी जन्मभर जे सांगितले तेच तो सांगत असे. त्याच्या तोंडून मात्र ते गोऱ्यांना नवे वाटे. पुढे पुढे तो म्हणू लागला की आता काळ्यांच्या वतीने गोऱ्याने बोलू नये. अशा बैठकीत गोऱ्यांनी त्याच्याकडे तोंड करून प्रश्न विचारला की, ज्यांना तो विचारायला हवा होता ते लोक त्याच टेबलाशी बसलेले असत.