स्टेशनापासून घरापर्यंत

समजा, तुमची नानी वाशीमहून आगगाडीने अकोल्याला आली. तिच्याजवळ एक ट्रंक आणि दोन पिशव्या आहेत. घर जुन्या शहरात, असदगडाच्या बाजूला, म्हणजे मोर्णा नदीच्या पलीकडे आहे. तिकिटाचा प्रवास संपला. पण नानी अजून घरी पोहोचलेली नाही. हे उरलेले अंतर कोणामुळे पार पडते?

अमेरिकेतील शिकागो शहरात निरनिराळ्या रेल्वे कंपन्यांची निरनिराळी स्टेशने होती. पुढची गाडी पकडण्यासाठी प्रवाशांना दुसऱ्या स्टेशनावर जावे लागे. १८५३ साली फ्रँक पार्मली यांनी तेथे एक कंपनी काढली. तिच्या घोडागाड्या प्रवासी आणि सामान एका स्टेशनावरून दुसऱ्या स्टेशनावर नेत. लांबच्या तिकिटाबरोबरच या गाडीचे कूपन मिळे. त्यामुळे भाड्यासाठी घासाघीस करावी लागत नसे.

आपल्याकडे हे काम अनेक हातांत वाटलेले आहे. हमाल सामान फलाटावरून बाहेर आणतो. पूर्वी बाहेर टांगे उभे असत. आता ऑटोरिक्षा असतात. कोणाला रिक्षा घरी पोहोचवते, तर कोणाला एस. टी. स्थानकावर.

'हमाल' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत आपण 'हम्माल' म्हणतो. मूळ शब्द अरबी असून त्याचा अर्थ ओझे वाहणारा असा आहे. रेल्वेचा परवाना असलेला हमाल लाल सदरा घालतो. त्याच्या दंडावर पितळी बिल्ला असतो. बिल्ल्यावरचा क्रमांक लक्षात ठेवा. तीच तुमच्या सामानाची हमी होय.

हमालाला रेल्वेकडून पगार मिळत नाही. ओझे उचलले तरच मजुरी मिळते. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात 'कुली' ऐवजी 'सहायक' म्हणावे, असे जाहीर झाले. पण नुसत्या नावाने मान मिळत नाही; तो आपल्या वागण्यातून द्यावा लागतो. म्हणून मजुरी आधी ठरवा आणि सामान उतरताच पूर्ण द्या. मजुराचे पैसे अडवू नयेत, हे तुम्ही घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेलच. नानीची ट्रंक ज्याने डोक्यावर वाहिली, त्याला 'भाऊ' म्हणायला विसरू नका.

शब्दार्थ
घासाघीस – भाव कमी करण्यासाठी केलेली बोलाचाली
परवाना – काम करण्याची लेखी परवानगी
हमी – खात्री, जबाबदारी

स्वाध्याय
१. शिकागोच्या प्रवाशांना घासाघीस का करावी लागत नसे?
२. हमालाच्या बिल्ल्याचा उपयोग काय?
३. मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत आढळणारे पाच शब्द लिहा.