चढउताराची संख्या

भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी येथे देवीचे मंदिर उंचवट्यावर असून बावन्न पायऱ्या चढून तेथे जावे लागते. यात्रेकरू ज्या पायऱ्यांनी चढतो, त्याच पायऱ्यांनी उलट क्रमाने उतरतो. अंकांच्या राज्यातही अशीच एक चढउतार आहे : १२३४५६७८९८७६५४३२१. ही सतरा अंकी संख्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थाननामांनी वाचू गेल्यास परार्धाच्या एकच पायरी अलीकडील ‘मध्य’ या स्थानापर्यंत जावे लागेल.

ही संख्या कोणी गंमतीखातर रचलेली नव्हे. नऊ एके ओळीने मांडले असता होणाऱ्या १११११११११ या संख्येचा तो वर्ग होय. हा गुणाकार पाटीवर मांडून पाहावा. नऊ एक्यांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. बेरीज करताना उजवीकडच्या पहिल्या घरात एकच एका, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे मधल्या घरात नऊ एके येतात. पुढे ते त्याच क्रमाने कमी होतात. कोठेही हातचा येत नाही. सारे सौंदर्य या हातचा नसण्यात आहे.

११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. अशा वर्गांना दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी ‘अद्भुत डेमलो संख्या’ म्हटले. डेमलो हे ठाणे जिल्ह्यातील डोंबिवली स्थानकाचे जुने नाव. या संख्यांचा विचार त्यांना तेथे सुचला. १९०५ साली डहाणूस जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ पर्यंत देवळाली येथे शाळाशिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण त्यांना लाभले नव्हते. तथापि अंकांशी मैत्री करावयास त्याची वाट पाहावी लागत नाही.

आपल्या संख्येतील मधला ९ बाजूस ठेवून १२३४५६७८ व ८७६५४३२१ यांची बेरीज केल्यास ९९९९९९९९ येते. मधला अंकच सर्वत्र उमटतो! शिवाय तिच्या अंकांची बेरीज ८१ असून त्या ८१ ने तिला निःशेष भाग जातो. अशा संख्येस कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले.

एका एक्यापासून नऊ एक्यांपर्यंत नऊही वर्गांत चढउतार बिनचूक आढळते. मग दहा एक्यांच्या वर्गातही ती असणारच, असे कोणीही म्हणेल, आणि तेथेच फसेल. मधल्या घरात आता दहा एके जमतात, हातचा येतो आणि उत्तर मिळते १२३४५६७९००९८७६५४३२१. आठ नाहीसा झाला, मध्ये दोन शून्ये आली. अंकांची बेरीज ८२; संख्या विषम, म्हणून ८२ ने भाग जाणे अशक्य. नऊ दाखले नियमाच्या बाजूने उभे होते. परंतु नियम दाखल्यांवर नव्हे, हातचा नसण्यावर टिकला होता.

तरीही या मोडलेल्या संख्येत एक खूण राहिली आहे. अगदी मधले शून्य वगळून दोन्ही बाजूंच्या १२३४५६७९० व ९८७६५४३२१ यांची बेरीज करावी : ११११११११११. दहाही एके पुन्हा हजर होतात.