निघालीस ना पुण्याला? मग जरा बस

हे बघ, आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाक. पुढं काय करायचं ते ठरल्याशिवाय घर सोडायचं नाही, असा नियम कुणी केलेला नाही. तू शिरूरची असशील नाहीतर दौंडची. पदवी झालेली, घरात स्थळांची कुजबुज सुरू झालेली, आणि तुला एवढंच कळतंय की इथंच राहिलीस तर पुढची दहा वर्षंही अशीच जातील. एवढं कारण पुरे आहे गं. फक्त ते स्वतःशी खरं बोल. "मला करिअर करायचंय" असं घरच्यांना सांग हवं तर, पण मनात नीट माहीत असू दे, की मला आधी इथून निघायचंय.

हे का सांगते, माहितीये? नुसत्या नोकरीसाठीच जात असशील, तर नोकऱ्या आपल्या दाराशीही आहेत. रांजणगावच्या एमआयडीसीत एलजी आहे, व्हर्लपूल आहे, फियाट आहे. मराठवाड्यातली, विदर्भातली पोरं-पोरी कारेगावात खोल्या करून राहतात आणि तिथं कामाला जातात. दौंडवाल्यांना कुरकुंभ आहे. ज्या गावातून तू पळायला बघतेस, तिथंच दुसरी कुणीतरी घर सोडून नशीब काढायला आलीय. तेव्हा "इथं काही नाही" असं म्हणू नकोस. इथं आहे, पण तुला ते नकोय. नकोय म्हणायला लाजायचं काय त्यात?

आता खरा त्रास सांगते. पुण्याला गेलीस की पहिला त्रास पैशांचा होत नाही, तो होतो लग्नाकार्यातल्या प्रश्नाचा. पंगतीत शेजारी बसलेली मामी विचारणार, "मग, काय करतेस पुण्यात?" आणि तुझ्याकडं उत्तर नसणार. त्या एका प्रश्नाच्या भीतीनं मुली काय काय करतात ते मी बघितलंय. सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे "एमपीएससी करतेय". एवढं म्हटलं की मामी गप्प, आत्या गप्प, बाप खूश. मग सदाशिव पेठेत नाहीतर नवी पेठेत कॉट बेसिसवर जागा, अभ्यासिकेची फी, मेसचं कार्ड, क्लासचे हप्ते, आणि बघता बघता चार वर्षं.

खरं सांगू का, परीक्षेला माझा विरोध नाही. माझ्या ओळखीतल्या पोरी झाल्यात अधिकारी, आणि चांगल्या झाल्यात. पण त्यांना ते काम हवं होतं. तुला काय हवंय हे कळत नाही म्हणून कुणी परीक्षा देऊ नये. जागा शेकड्यांत निघतात, अर्ज लाखांत येतात. खुल्या गटाला वयाची मर्यादा 38 आणि मागासवर्गीयांना 43. ऐकायला ती सवलत वाटते, पण ज्याला थांबायचं कुठं हे कळत नाही त्याच्यासाठी तोच सापळा आहे बाई. अजून वय आहे, अजून वय आहे, म्हणत माणूस तिथंच बसून राहतो.

म्हणून क्लासला पैसे भरायच्या आधी माझं एक ऐक. आयोगाच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका फुकट मिळतात. राज्यसेवा पूर्वचे दोन पेपर काढ, दोन्ही 200-200 गुणांचे. घड्याळ लावून घरच्या घरी सोडव. किती आले ते महत्त्वाचं नाही, पहिल्या खेपेला कुणालाच येत नाहीत. सोडवताना तुला मजा आली का, चुकलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर शोधावंसं वाटलं का, ते बघ. 2025 पासून मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झालीय, म्हणजे पानंच्या पानं लिहायची. लिहायचा कंटाळा असेल तर आत्ताच कळलेलं बरं. आणि आलीच मजा, तर बिनधास्त बस अभ्यासाला, पण किती प्रयत्न करणार ते आधी वहीत लिहून, त्या पानावर आईची सही घेऊन.

हीच गोष्ट कोर्सेसची. मैत्रिणीनं लावला म्हणून मी एकदा टॅलीचा क्लास लावला होता. आजही घरचा हिशेब मी कॅलेंडरच्या मागं पेन्सिलीनं लिहिते, आणि तोही जुळत नाही. तेव्हा "सध्या याला स्कोप आहे" म्हणून काही विकत घेऊ नकोस. स्कोप ज्याला आहे त्याला आहे, तुला आहे का ते तू त्या कामाच्या जवळ गेल्याशिवाय कळायचं नाही.

मग करायचं काय? काम धर. मनासारखं नको, बरं नको, नुसतं काम. फक्त निवडताना एवढं बघ, की तिथं बसून आजूबाजूला आणखी चार तऱ्हेची कामं दिसली पाहिजेत. हॉस्पिटलचा फ्रंट डेस्क घे. तिथं बिलिंगवाली दिसते, विम्याची कागदपत्रं बघणारी दिसते, लॅबमधली दिसते, औषधांचा साठा ठेवणारी दिसते. सी.ए.च्या ऑफिसात बसलीस तर दहा धंद्यांची पोटं आतून दिसतात. याउलट एका खोलीत हेडफोन लावून दिवसभर एकच वाक्य बोलायचं काम पगाराला बरं असेल, पण त्यातून तुला स्वतःबद्दल काही कळणार नाही. पाच-सहा महिने एका ठिकाणी नीट टिक. रोज नको, पण आठवड्यातून एकदा वहीत लिही, की कुठल्या कामात वेळ कधी गेला ते कळलं नाही आणि कुठल्या कामाला हात लावायच्या आधीच जांभई आली. गुऱ्हाळात रस कढईत पडला की लगेच कुणी ढेप मागत नाही, तसा तूही स्वतःला जरा वेळ दे.

राज्य सरकारनं 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना 6,000, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन. तिथं नाव नोंदवायच्या आधी या योजनेचं सध्या काय चाललंय ते विचारून घे. पुण्यात एवढ्यावर भागत नाही हे मलाही कळतं. पण कंपनीचं किंवा सरकारी ऑफिसचं दार आतून कसं दिसतं ते तरी दिसतं, आणि अनुभवाच्या रकान्यात पहिली ओळ पडते.

केडगाव स्टेशन येतं ना गं दौंड-पुणे रस्त्याला? तिथनं जाताना मला नेहमी पंडिता रमाबाई आठवतात. 1882 मध्ये त्या पुण्यात आल्या तेव्हा वय 24. आईवडील दुष्काळात गेलेले, भाऊ गेलेला, नवरा नुकताच गेलेला, आणि कडेवर वर्षाची मुलगी. डॉक्टर व्हायचं म्हणून पुढच्या वर्षी इंग्लंडला गेल्या, तर ऐकू कमी येत होतं म्हणून तो रस्ताच बंद झाला. मग 1889 ला मुंबईत शारदा सदन काढलं, दुसऱ्या वर्षी ते पुण्यात आणलं, आणि शेवटी आपल्या केडगावात मुक्ती मिशन उभं राहिलं. दुष्काळातून आणलेल्या शेकडो बायका-मुली तिथं शिकल्या, कामाला लागल्या. बाई फार मोठी, आपली तिची बरोबरी नाही. पण चोविसाव्या वर्षी तिनं जे ठरवलं होतं ते झालं नाही, आणि जे झालं ते तेव्हा तिच्या मनातही नव्हतं, एवढं तरी आपल्यासारखंच आहे बघ.

बरं, राहायचं कुठं? गावाकडनं गेलेल्या प्रत्येकीला पुणं म्हणजे पेठा आणि डेक्कन वाटतं. परीक्षा देणार नसशील तर पेठेत तुझं काय काम? तू शिरूरची असशील तर खराडी, चंदननगर, वाघोली बघ. नगर रोडनं सरळ घर गाठता येतं, आणि आता रामवाडीपर्यंत मेट्रोही आलीय. दौंडची असशील तर हडपसर नाहीतर मांजरी बघ, गाडी तिथंच थांबते. आणि अपडाऊनचं म्हणशील, तर दौंड, पाटस, केडगाव, यवतच्या मुलींनी पहिले दोन-तीन महिने पास काढून गाडीनं जायला हरकत नाही. नोकरी टिकतेय का ते बघ, मगच डिपॉझिट भर. शिरूरवालीनं मात्र तो नाद करू नये. 65-70 किलोमीटर ऐकायला काही नाही, पण शिक्रापूर आणि वाघोलीत गाडी अडकली की त्या 70 चे किती तास होतात ते तुझ्या भावाला विचार. रोज तसं आलीस-गेलीस तर काम शिकायला अंगात त्राणच उरत नाही.

खोली दिवसा बघशील, ती एकदा संध्याकाळी आठला पण बघ. गल्लीत दिवे आहेत का, बसस्टॉपपासून चालत येताना दुकानं उघडी असतात का, पाणी किती वाजता येतं, गेट कधी बंद होतं आणि तुझी शिफ्ट कधी सुटते. गेट दहाला बंद आणि शिफ्ट साडेदहाला सुटते, असं झालेलं आहे बरं का एकीचं, नाव नाही सांगत, तुझ्याशीच बोलतेय ती. भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला हवा. कायद्यानं तशी नोंदणी करून देणं घरमालकाचं काम आहे, तेव्हा मागायला संकोच करू नकोस. डिपॉझिट रोख दिलंस तर पावती घे. मेस लावशील तिथं खाडे धरतात का ते आधी विचार, म्हणजे गावाला आलीस की तेवढ्या दिवसांचे पैसे वाचतात. आणि भाडं पगाराच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नकोस. त्यासाठी तिघींत राहावं लागलं तर राहा, कुणाची कुरकुर ऐकायची सवय झालेली बरी असते.

दोन गोष्टींवर मात्र मी ओरडणार आहे. नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणारा माणूस कितीही गोड बोलला, टाय घालून बसला, तरी उठून यायचं. आणि मूळ गुणपत्रिका कुणाच्या ताब्यात द्यायच्या नाहीत, झेरॉक्स द्यायची, मूळ दाखवायची, परत पिशवीत घालायची. फोनमध्ये 112 आणि रेल्वेचा 139 लक्षात असू दे, लागले नाहीत तर उत्तमच.

घरच्यांना काळजी वाटणार. वाटू दे, त्यांचं कामच आहे ते. गंमत बघ, शिरूरच्या बेट भागात बिबट्याच्या भीतीनं माणसं अंधार पडल्यावर उसाच्या कडेनं जात नाहीत, पाणी द्यायला रात्री मात्र जावंच लागतं, आणि तीच माणसं तुला म्हणतात पुण्यात सुरक्षित नाही! वाद घालू नकोस. रोज रात्री एकदा फोन कर, पगार खरा सांग, राहत्या जागेचा पत्ता आणि सोबतच्या मुलीचा नंबर आईकडं देऊन ठेव. बापाला प्रश्न पडलेला असतो तो हाच, की काही झालं तर मी कुणाला फोन करू. त्याचं उत्तर दिलंस की तो निम्मा शांत होतो.

आणि दर शनिवारी गावाला पळू नकोस. 17 मार्च 2023 पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट झालंय, त्यामुळं मोह होतो, मला कळतं. पण सुट्टीचे सगळे दिवस शिरूरला काढलेस तर पुणं तुझं कधी होणारच नाही, तू नुसती पाहुणी राहशील, तेही पैसे भरून. एक आड एक रविवार पुण्यातच काढ. पर्वती चढून ये, केळकर संग्रहालय बघ, 1848 पासूनचं पुणे नगर वाचन मंदिर आहे तिथं नाव घाल. नाहीतर काहीच करू नकोस, कपडे धू आणि झोप. पहिल्या महिन्यात एखाद्या रविवारी रडू येईल. येतं गं सगळ्यांनाच. मी तर भाजीवाल्याकडं आपल्याकडची मेथी बघून रडले होते, त्या बिचाऱ्यानं घाबरून जुडी फुकट दिली.

मामीचं राहिलंच की. तिला सांग, "काम शिकतेय, डिसेंबरात बघू." महिना सांगितला की माणसं गप्प बसतात, डिसेंबरात कोण आठवण ठेवतंय! तू मात्र ठेव. सहा-आठ महिन्यांनी वही उघड, आणि जांभयाच जास्त दिसल्या तर काम बदल. घरी परत यावंसं वाटलं तर परतही ये, ते काही हरणं नाही.

निघायच्या आधी तहसील कचेरीचं काम उरकून घे. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, लागत असेल तर जातीचा आणि नॉन-क्रिमीलेअर. एकदा नोकरी लागली की या एकेका कागदासाठी रजा टाकून यावं लागतं. आणि सोमवारी पहाटे निघू नकोस, त्या गाडीला पाय ठेवायला जागा नसते. रविवारी दुपारी निघ. रविवारी संध्याकाळी पुण्यातल्या बहुतेक मेस बंद असतात, तेव्हा आईकडून डबा घे, आणि दोघींना पुरेल एवढा घे. खोलीतली दुसरी पोरगीही उपाशीच असणार, आणि ठेचा-भाकरी बघितली की ती आपणहून बोलायला लागेल.