वॉर्निंग बंद करा, पण वाचून!

लिनक्सवर पॅकेज टाकताना स्क्रीनभर येणाऱ्या वॉर्निंग्स कुणाला आवडतात? मलाही नाही. म्हणून मागच्या पावसाळ्यात लॅबच्या पीसींसाठी मी एक स्क्रिप्ट लिहिली आणि सगळा 'स्टॅण्डर्ड एरर' सरळ 'डेव्ह-नल'मध्ये, म्हणजे कचऱ्याच्या डब्यात, पाठवला. स्क्रीन एकदम स्वच्छ! दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला बघतो तर निम्म्या पीसींवर कम्पायलरच नाही.

झालं असं, की शहापूरच्या पावसात मधेच नेट गेलं आणि पॅकेजची नवी यादी उतरलीच नाही. अशा वेळी 'एपीटी-गेट अपडेट' अडून बसत नाही. काही फाईल्स मिळाल्या नाहीत, जुन्या वापरतो, एवढी वॉर्निंग देतं आणि एक्झिट कोड मात्र 0, म्हणजे सगळं ठीक! नेट परत आलं, पण जुन्या यादीतलं पॅकेज सर्व्हरवरून केव्हाच निघून गेलेलं. म्हणून 404. दोन्ही निरोप माझ्या डब्यात.

त्यातून शिकलो ते असं :

१) आधी कारण काढा. 'एपीटी'चं आउटपुट फाईलमध्ये किंवा पाईपमध्ये वळवलं की ते सांगतं, माझा इंटरफेस स्थिर नाही, स्क्रिप्टमध्ये जपून वापरा. तेव्हा स्क्रिप्टमध्ये 'एपीटी-गेट' लिहा, ही वॉर्निंग येणारच नाही.

२) नको असेल तेवढीच बंद करा. पिप नव्या आवृत्तीची आठवण करत राहतं, त्याला 'डिसेबल-पिप-व्हर्जन-चेक' हा पर्याय आहे. एनपीएमच्या देणगीच्या ओळीसाठी 'नो-फंड'.

३) बाकीचं डब्यात नको, लॉग फाईलमध्ये टाका आणि ती वाचा. इन्स्टॉल झाल्यावर एक्झिट कोडही बघा : 0 म्हणजे यश, एपीटी-गेट चुकलं तर 100.

४) सही जुळत नाही, किल्ली सापडत नाही, अशी वॉर्निंग कधीच दाबू नका. पॅकेज खरंच डेबियन किंवा उबुंटूचं आहे, की वाटेत कुणी बदललंय, हे त्या सहीवरूनच कळतं.

भातसा धरणाचे दरवाजे उघडण्याआधी नदीकाठच्या गावांना इशारा मिळतो. एका पावसाळ्यात तो चार वेळा आला म्हणून कुणी कानात बोळे घालून बसत नाही. आपणही तेवढं शहाणपण लॅबमध्ये दाखवूया. नाहीतर प्रॅक्टिकलला सरांसमोर माझ्यासारखी पंचाईत ठरलेली!