गॅस कुठे जातो ते आधी बघ

लीड्स, नोव्हेंबर

चि. मनू यास मावशीचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू दोन गोष्टी सांगितल्यास. तेरा किलोचा सिलिंडर पाच दिवसांत संपला, ही एक. आणि थंडी वर येऊ नये म्हणून मोटरहोमच्या तळातली भोकं तू टेप लावून बंद केलीस, ही दुसरी. पहिलीबद्दल सविस्तर लिहिते. दुसरीसाठी मात्र वाचणं इथेच थांबव, ती टेप काढून ये, मग पुढे वाच.

ती भोकं कुणी चुकून ठेवलेली नाहीत. आपला गॅस हवेपेक्षा जड असतो. कुठे गळती झाली तर तो छताकडे जात नाही, जमिनीवर पाण्यासारखा साचतो आणि त्या भोकांवाटे बाहेर पडतो. तू ती बंद केलीस म्हणजे गळलेला गॅस तुझ्या बिछान्याखाली कोंडून ठेवायची सोय केलीस. छतावरच्या झरोक्याचंही तसंच. शेगडी पेटते तेव्हा ती तुझ्याच खोलीतली हवा वापरते. हवा अपुरी पडली की ज्वाला नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅस गळला तर वास येतो, कारण वास त्यात मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही आणि रंगही नाही. डोकं जड होतं, झोप येते, आणि झोपलेल्या माणसाला काहीच कळत नाही. म्हणून अलार्म हवाच, तोही कॅरव्हॅन आणि बोटींसाठी बनवलेला. त्यावर 'ईएन ५०२९१-२' असं छापलेलं असतं. त्याच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जागीच तो लाव आणि दर रविवारी बटण दाबून तपास.

सकाळी हीटर वाचवायला शेगडी पेटवून हात शेकतोस, असंही तू सहज बोलून गेलास. ते आजपासून बंद. तुझा हीटर जळण्यासाठी बाहेरची हवा घेतो आणि धूर बाहेर टाकतो, तुझ्या श्वासाच्या हवेशी त्याचा संबंधच येत नाही. शेगडी सगळं आतच सोडते. शिवाय एक किलो प्रोपेन जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. तेच रात्री तुझ्या काचांवरून ओघळतं, गादीखाली शिरतं आणि महिन्याभरात काळी बुरशी होऊन दिसतं.

आता सिलिंडरकडे येऊ. पाच दिवसांत तेरा किलो, म्हणजे दिवसाला अडीच किलोच्या थोडं वर. कमी करायच्या आधी तो जातो कुठे ते बघ. गॅसवर चालणारा फ्रिज दिवसाला साधारण तीनशे ग्रॅम घेतो. तुझा दोन वेळचा स्वयंपाक आणि चहा मिळून दीडशे-दोनशे ग्रॅम धर. दहा लिटर गार पाणी आंघोळीपुरतं तापवायला पन्नास ग्रॅमसुद्धा पुरतात. हे सगळं मिळून अर्धा किलोच्या आसपास झालं. उरलेले दोन किलो एकटा हीटर खातो. म्हणून आंघोळ एक दिवसाआड करणं, चहा कमी करणं, असले उपास तू करू नकोस. त्यात वाचतात मूठभर ग्रॅम आणि जातो तो मनाचा हुरूप. दिवसभर वाऱ्यात उभं राहून काम करणाऱ्या माणसाने संध्याकाळी गरम पाण्याने आंघोळ करायलाच हवी.

हा माझा अंदाज आहे. तुझ्या गाडीचा खरा आकडा तू स्वतः काढ. विमानप्रवासासाठी बॅग मोजायचा लटकता काटा घे, त्याची क्षमता मात्र सिलिंडरच्या वजनाहून जास्त असू दे, आणि रोज एका ठरावीक वेळी सिलिंडर तोल. गॅस बंद करून, जोडणी सोडवून मगच. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावर कोरलेलं असतं, ते वजा केलं की आत किती उरलं ते कळतं. बाहेरचं तापमान शेजारी लिहून ठेव. एका आठवड्याच्या नोंदीतून जे कळेल ते कुणाच्या सल्ल्याने कळणार नाही, माझ्याही नाही.

सिलिंडर लाल आहे की निळा, हे तू सांगितलं नाहीस. तेरा किलोचा आहे म्हणजे बहुतेक लाल, म्हणजे प्रोपेन. तेच योग्य. नाशिकला स्वयंपाकघरात १४.२ किलोचा जो लाल सिलिंडर येतो, त्यात ब्युटेन आणि प्रोपेन मिसळलेले असतात, आणि तिथल्या हवेत त्याने कुणाचं अडत नाही. स्कॉटलंडमध्ये अडतं. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच वायू व्हायचा थांबतो. सिलिंडर अर्धा भरलेला असतो, हलवला तर आत द्रव डुचमळतो, पण शेगडीला गॅस येत नाही. प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत वायू होतो. तू इन्व्हर्नेसला आहेस. तिथून फार लांब नसलेल्या ब्रेमारला १९८२ च्या जानेवारीत उणे २७.२ अंश नोंदले गेले होते. तशी रात्र नेहमी येत नाही, पण शून्याखालच्या रात्री तुला भरपूर मिळतील. दुकानात लाल नाही म्हणून कुणी निळा पुढे केला तर घेऊ नकोस.

खर्चाचं गणित घरच्या वीजबिलासारखं युनिटमध्ये मांड, म्हणजे गॅस, डिझेल आणि वीज यांची तुलना करता येते. एक किलो प्रोपेनमधून पावणेतेरा युनिट उष्णता मिळते. थोडी धुरातून जाते, म्हणून तेरा किलोच्या सिलिंडरचे हातात येणारे दीडशे युनिट धर. सिलिंडर बदलून घ्यायला जितके पौंड लागले त्यांना दीडशेने भाग. तो झाला तुझ्या उबेचा एका युनिटचा भाव. पंपावरच्या ऑटोगॅसच्या एका लिटरमधून सहाएक युनिट मिळतात, हीटरमध्ये जाळलेल्या एका लिटर डिझेलमधून आठएक. आणि साइटवर वीज मीटरने असेल तर तिचा भाव पाटीवर लिहिलेलाच असतो. दर महिन्याला हे तीन भागाकार कर आणि विजेच्या भावाशी ताडून बघ, कारण भाव बदलत राहतात.

माझा कल सांगते. वीज भाड्यातच धरलेली असेल तर हीटर विजेवर चालव आणि गॅस फक्त शेगडीला ठेव. तुझ्या हीटरमध्ये विजेची सोय असेल तर ९०० किंवा १८०० वॉट अशा पायऱ्या असतील. साइटवरचा जोड दहा अँपिअरचा असेल तर त्यावर एकूण २३०० वॉटच चालतात. हीटर १८०० वर आणि त्यात किटली लावलीस की सगळं बंद पडणार. कडाक्याच्या रात्री १८०० वॉट पुरत नाहीत, तेव्हा हीटर गॅस आणि वीज दोन्हींवर एकदम चालव. तुला तिथे दोन हिवाळे काढायचे आहेत, तर गाडीत पक्का बसवलेला, पुन्हा भरता येणारा सिलिंडर करून घ्यायचा विचार कर. पंपावरचा गॅस बदली सिलिंडरपेक्षा बराच स्वस्त पडतो आणि ऐंशी टक्के भरला की झडप आपोआप बंद होते. मात्र ऑटोगॅस देणारे पंप पूर्वीपेक्षा कमी झाले आहेत, तेव्हा तुझ्या वाटेवर एखादा आहे का ते आधी बघ. आणि कंपनीचा बदली सिलिंडर स्वतः पंपावर नेऊन भरायचा, हे कुणी कितीही सोपं करून सांगितलं तरी करायचं नाही. त्याला ती ऐंशी टक्क्यांची झडप नसते.

आता खरी बचत. उष्णता किती वेगाने बाहेर जाते हे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. बाहेर शून्य असताना वीसऐवजी अठरा ठेवलंस की हीटरचा दहावा भाग तिथेच वाचला. त्यासाठी लोकरी बनियन आणि जाड मोजे लागतात, तेवढे मी पाठवते.

पण त्याहून मोठी गळती चालकाच्या केबिनमध्ये आहे. मागच्या खिडक्या दुहेरी असतात. पुढची काच एकेरी, दारं पत्र्याची, फटी असंख्य. बाहेरून लावायचं जाड, पुढची काच आणि दोन्ही दारांच्या काचा झाकणारं आवरण घे. आतून लावायचं चकाकतं आवरण स्वस्त मिळतं आणि काहीच नसण्यापेक्षा बरं असतं, पण त्यामागची काच गारच राहते आणि तिच्यावर पाणी धरतं. बाहेरचं आवरण काचेलाच ऊब देतं. मग केबिन आणि राहायची जागा यांच्यामध्ये छतापासून जमिनीला टेकेल असा जाड पडदा लाव. ताईने दिलेली ती जुनी गोधडी अजून असेल तर तीच लटकव, विकतच्या पडद्यापेक्षा चांगलं काम करेल. केबिनच्या जमिनीवर जाड चटई, चालकाच्या दाराच्या खालच्या फटीशी गुंडाळलेलं ब्लँकेट. हे सगळं झाल्यावर पुन्हा आठवडाभर सिलिंडर तोल आणि आधीच्या नोंदीशी ताडून बघ.

गाडीच्या कागदांत 'ईएन १६४६' आणि पुढे ग्रेड लिहिलेली असेल, ती शोध. ग्रेड तीन म्हणजे बाहेर उणे पंधरा असताना ती गाडी चार तासांत आत वीस अंशांवर येऊ शकते. ग्रेड दोनची परीक्षा बाहेर शून्य अंश असताना घेतलेली असते. तुझी गाडी दोनची निघाली तर ती वाईट नाही, पण उणे दहाच्या रात्री तिच्याकडून वीसची अपेक्षा करू नकोस. तशा रात्री विजेचा जोड असलेल्या साइटवर जा, आणि त्याच्या भाड्याबद्दल हळहळू नकोस.

रात्री हीटर बंद करू की नको, असं तू विचारलंस. बंद करून सकाळी पुन्हा तापवायला जास्त गॅस लागतो, असं पुष्कळजण सांगतात. ते खरं नाही, जितका वेळ गाडी गार तितकी उष्णता कमी बाहेर जाते. तरीही मी तुला बंद कर म्हणणार नाही. बारा-तेरा अंशांवर ठेव. गार भिंतीवर तुझ्या श्वासातलं पाणी धरतं आणि नळ्या गोठायची भीती असते. तुझ्या हीटरसारख्या हीटरच्या बॉयलरला अशी झडप असते की आसपासचं तापमान तीनएक अंशांवर आलं की ती आपोआप उघडते आणि सगळं पाणी खाली सोडून देते. बॉयलर वाचतो, पण दिवसभर काम करून आलेल्या तुला पाणी मिळत नाही. कामावर जातानाही म्हणूनच हीटर पूर्ण बंद न करता आठ-दहावर ठेव. रात्री पांघरूण जाड घे, पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेव.

ओल ही दुसरी चोर. ओले कपडे आत वाळत घालू नकोस, आठवड्यातून एकदा लाँड्रेटमध्ये जा आणि तिथल्या ड्रायरचे पैसे आनंदाने दे. डाळ-भात कुकरमध्येच लाव. पातेल्यात शिजवलेल्या भाताची वाफ गाडीभर होते, कुकरमध्ये गॅसही कमी लागतो. छोले-राजमा सकाळी भिजत घालून जात जा. शिजवताना झरोका उघडा ठेव, जाणारी थोडी ऊब जाऊ दे. सकाळी दहा मिनिटं खिडक्या उघडून दमट हवा बाहेर घालव. कोरडी गार हवा पटकन तापते. गादी उचलून खालून वारा लागू दे.

स्वस्तातला डिझेल हीटर मागवून स्वतः बसवायचा तुझा बेत मला पसंत नाही. डिझेलचा हीटर वाईट नव्हे, गॅस न मिळणाऱ्या जागी तो मोठा आधार आहे. पण त्याच्या धुराची नळी कुठून निघते आणि कुठे सांधलेली आहे यावर तुझा जीव अवलंबून. घ्यायचाच असेल तर जाणकाराकडून बसवून घे, आणि सुरू होताना तो बॅटरीवर किती भार टाकतो तेही विचार.

ताईला तुझं घर नाही याचं दुःख वाटतं, मला वाटत नाही. भाडं देऊन उरलेल्या पगारात तू जे ठरवलं आहेस ते मला माहीत आहे, आणि त्यासाठी हे दोन हिवाळे तू नीट काढावेस, खोकत-कुडकुडत नव्हे, एवढंच मला हवं आहे. पैसे कमी पडले तर मला सांग, गॅसमध्ये काटकसर करून ते माझ्यापासून लपवू नकोस.

डिसेंबर लागायच्या आत गॅस सेफच्या नोंदणीतला, कॅरव्हॅनच्या एलपीजीचं काम करायची परवानगी असलेला माणूस बोलाव. त्यांच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला कोणतं काम करायची मुभा आहे ते छापलेलं असतं, ते वाचूनच त्याला हात लावू दे. गळतीची तपासणी, हीटरचा धूर, रेग्युलेटर आणि रबरी नळी हे सगळं त्याच्याकडून बघून घे. नळीवर तिच्या निर्मितीचं वर्ष छापलेलं असतं. जुनी असेल तर चांगली दिसते म्हणून ठेवू नकोस. त्याचं बिल मी देते. तो कोणत्या दिवशी येणार हे ठरलं की त्याच संध्याकाळी मला फोन कर, आणि टेप काढलीस का तेही तेव्हाच सांग.

तुझी,
मावशी