संवादशास्त्राचा अभ्यासक्रम आणि समाजमाध्यमे

आजचे युग हे माहितीचे युग आहे, असे आपण प्रत्येक समारंभात ऐकतो. साकोली-सेंदुरवाफ्यापासून आजूबाजूच्या खेड्यापाड्यांपर्यंत मोबाईल पोचला आहे, हेही खरे. परंतु माहिती हातात येणे वेगळे आणि ती पारखून, नीट शब्दांत मांडून दुसऱ्यापर्यंत पोचविणे वेगळे. ही दुसरी गोष्ट शिकविणारा विषय म्हणजे संवादशास्त्र होय. विद्यापीठात त्याला पत्रकारिता व जनसंवाद असे नाव आहे. या विषयाचे नाव काढले की पालक आणि विद्यार्थी दोघेही एकच प्रश्न विचारतात : "व्हॉट्सअ‍ॅप आणि यूट्यूब तर लहान पोरालाही येते, त्यासाठी कॉलेज कशाला?" या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१. अभ्यासक्रमाची वाटचाल

आपल्या विभागात हे शिक्षण नवीन नाही. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच पत्रकारितेचे शिक्षण सुरू झाले. अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलँड वूल्सली हे १९५२-५३ मध्ये तेथे शिकवीत होते. पुणे विद्यापीठाचा संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभाग १९६४ साली रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाला. आज राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा स्वतःचा जनसंवाद विभाग आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी १९८९ साली स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे.

जुन्या अभ्यासक्रमात बातमीलेखन, उपसंपादन, मुद्रितशोधन, नभोवाणी, जाहिरात, जनसंपर्क व वृत्तपत्रविषयक कायदे हे विषय असत. प्रात्यक्षिक म्हणून विद्यार्थी एक छोटा अंक काढीत. तो अंक बहुधा वर्गातच वाचला जाई. लिहिणारा विद्यार्थी, वाचणारा विद्यार्थी आणि तपासणारे सर! बाहेरचा वाचक नसल्यामुळे चूक झाली तरी गुण कमी होत, एवढेच. समाजमाध्यमांनी नेमका येथे बदल घडविला. आज विद्यार्थ्याने केलेली पाच मिनिटांची चित्रफीत त्याच्या गावचा सरपंच पाहतो, शेतकरी पाहतो आणि चुकीची असेल तर संध्याकाळी फोन करून विचारतो. खरा वाचक मिळणे हा या साधनांचा सर्वांत मोठा शैक्षणिक लाभ आहे आणि जबाबदारीही तेथूनच सुरू होते.

२. आपल्याला याची गरज का?

ज्यांची बातमी कोणी छापत नाही, त्यांना माध्यमाचे मोल अधिक कळते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. पुढे ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत', १९२८ मध्ये 'समता', १९३० मध्ये 'जनता' आणि ४ फेब्रुवारी १९५६ ला 'प्रबुद्ध भारत' अशी पत्रे बाबासाहेबांनी सुरू केली. कागद, छपाई, टपाल आणि वर्गणीदार या चारही बाजूंनी ओढाताण होती. 'बहिष्कृत भारत'चे रकाने तर त्यांना बहुतांशी एकट्याने लिहून काढावे लागत. शासनाने १९९० साली 'मूकनायक' व 'बहिष्कृत भारत' यांचे अंक ग्रंथरूपाने पुन्हा उपलब्ध करून दिले. संवादशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते उघडून पाहावेत. त्यात बातमी आहे, अग्रलेख आहे, वाचकांचा पत्रव्यवहार आहे आणि प्रत्येक विधानामागे आधार देण्याची शिस्त आहे.

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चार जणांची हत्या झाली. भंडारा शहरापासून ते गाव फार दूर नाही. तरीही मोठी वृत्तपत्रे व वाहिन्या यांनी कित्येक आठवडे या घटनेची गंभीर दखल घेतली नाही. कार्यकर्त्यांची सत्यशोधन पथके गावात गेली, त्यांनी टिपणे केली आणि ती माहिती मोबाईलवरील लघुसंदेश, ई-मेल व ब्लॉग यांच्याद्वारे एकमेकांना पोचली. नोव्हेंबरमध्ये राज्यभर मोर्चे निघाले तेव्हा कोठे सर्वांना जाग आली. या घटनेतून विद्यार्थ्याने दोन धडे घ्यावेत. पहिला असा की, नवे साधन नसते तर ही बातमी आणखी दबली असती. दुसरा धडा तितकाच महत्त्वाचा आहे. केवळ संदेश फिरल्याने काम झाले नाही. कोणीतरी गावात गेले, माणसांना भेटले, कागद पाहिले, म्हणून त्या संदेशाला वजन आले.

३. कोणते साधन कशासाठी?

साधनांची नुसती नावे पाठ करण्यापेक्षा कोणते काम कोणत्या साधनाने शिकावे, हे समजून घेतले पाहिजे.

(अ) वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप गट : सूचना, वेळापत्रक, टिपणे पाठविण्यासाठी उत्तम. चर्चेसाठी मात्र अपुरा, कारण शंभर संदेशांखाली महत्त्वाचा मुद्दा गाडला जातो. त्यासाठी आठवड्यातून एकदा एका विद्यार्थ्याने सर्व चर्चेचा दहा ओळींत सारांश लिहावा. सारांशलेखन हा पत्रकारितेचा पाया आहे व तो असा रोजच्या व्यवहारातून पक्का होतो.

(आ) गूगल डॉक्ससारखे सामायिक लेखन : चार विद्यार्थी एकच बातमी एकाच वेळी लिहू शकतात. कोणी कोणते वाक्य केव्हा बदलले, याची नोंद तेथे राहते. शिक्षक समासात शेरा देतात. पूर्वी उपसंपादक लाल शाईने जे काम करीत, तेच येथे सर्वांच्या डोळ्यांदेखत होते. गटकार्यात कोणी काम केले आणि कोणी नाव लावले, हेही लपत नाही!

(इ) यूट्यूब, ध्वनिफीत, ब्लॉग : ही प्रकाशनाची साधने. येथे विषय जवळचा घ्यावा. माजी मालगुजारी तलावांची आजची अवस्था, धान खरेदी केंद्रावरील प्रतीक्षा, नागझिऱ्याच्या काठावरील गावांचे प्रश्न, दंडारीतील जुने कलावंत, असे कितीतरी विषय पडून आहेत. मुलाखत झाडीबोलीत घ्यावी आणि निवेदन सोप्या प्रमाण मराठीत करावे. आजीचे बोलणे "शुद्ध" करून लिहिण्याचा मोह टाळावा. ती बोली हाच त्या बातमीचा पुरावा असतो.

(ई) मराठी विकिपीडिया : २००३ पासून हा ज्ञानकोश सुरू आहे. आपल्या गावावर वा तालुक्यावर नोंद लिहिताना प्रत्येक विधानाला संदर्भ द्यावा लागतो. 'इतिहास' या पानावर सर्व बदल दिसतात आणि 'चर्चा' पानावर अनोळखी माणूस आपल्याला आधार विचारतो. नम्रपणे उत्तर देणे, पटले तर दुरुस्ती करणे ही सवय याहून चांगल्या रीतीने लागणे कठीण.

(उ) स्वयम् : केंद्र शासनाने ९ जुलै २०१७ रोजी सुरू केलेल्या या संकेतस्थळावर देशातील नामवंत प्राध्यापकांचे अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात. प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढे शुल्क पडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय अशा पद्धतीने पूर्ण करण्याची मुभा विद्यापीठे देऊ शकतात. आपल्या महाविद्यालयात कोणते विषय मान्य आहेत, याची चौकशी प्रवेश घेतानाच करावी.

४. पडताळणी : अभ्यासक्रमाचा गाभा

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला अफवेची ताकद लवकर कळते. दहा रुपयांचे नाणे बंद झाले, पंधरा रेषांचे नाणे खोटे आणि दहा रेषांचे खरे, असा संदेश काही वर्षांपूर्वी सगळीकडे फिरला. दुकानदार नाणी घेईनात. बाजार करून आलेल्या बायाबापड्या रुमालाच्या गाठीत बांधलेली नाणी आमच्यासमोर ठेवून "हे चालते का जी?" म्हणून विचारीत. रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ रोजी पत्रक काढून स्पष्ट केले की, तोवर दहा रुपयांची १४ प्रकारच्या रचनांची नाणी काढण्यात आली असून ती सर्व वैध आहेत. ते पत्रक बँकेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. पण संदेश पुढे पाठविणाऱ्या शंभरांपैकी ते उघडणारे किती निघाले असतील, याचा विचार ज्याने त्याने करावा.

येथे नुकसान झाले ते बाजारापुरते. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी झालेले नुकसान भरून येणारे नाही. मुले पळविणारी टोळी आली, या मोबाईलवरून पसरलेल्या अफवेमुळे भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर पाकिस्तानात बालसुरक्षेच्या जागृतीसाठी तयार केलेली होती. मूल परत दिल्याचा शेवटचा भाग कोणीतरी कापून टाकला आणि जागृतीची फीत दहशतीची फीत झाली. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा घातली. परंतु अंगठा आवरण्याचे काम कोणतीही कंपनी पूर्णपणे करू शकत नाही.

म्हणून प्रत्येक संदेशाला विद्यार्थ्याने पाच प्रश्न विचारण्याची सवय लावावी : (१) हे मूळ कोणी सांगितले? (२) केव्हाचे आहे? (३) कोठले आहे? (४) मागचा-पुढचा भाग कापला आहे काय? (५) यातील माणसाला वा कार्यालयाला कोणी विचारले काय? चित्र जुने आहे का, हे गूगलवर चित्र टाकून शोधता येते. शासकीय योजनेविषयीचा दावा असेल तर पत्र सूचना कार्यालयाच्या सत्यशोधन विभागाकडे पाहता येते. यातले काहीच जमले नाही, तर संदेश आपल्याजवळच थांबवावा.

५. लिहिण्याचे स्वातंत्र्य आणि कायदा

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील एका मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली होती. त्यानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ विरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्यात आली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविले. मत मांडण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९ ने दिला आहे व तो मोबाईलवरही लागू आहे, हे विद्यार्थ्याने जाणावे. त्याचबरोबर बदनामी, धमकी, दोन समाजांत तेढ वाढविणे हे गुन्हे तसेच कायम आहेत. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. अन्यायाविरुद्ध संतापून आपले तरुण अशा वेळी फोटो व नाव पुढे पाठवितात. हेतू चांगला असला तरी त्यामुळे त्या कुटुंबाचे दुःख वाढते.

६. काही अडचणी

ही साधने सर्वांना सारखी मिळतात असे समजू नये. २०२० साली महाविद्यालये बंद पडली तेव्हा हे प्रकर्षाने दिसले. घरात फोन एकच, तो वडिलांबरोबर कामावर जाणार. दोन भावंडांचा वर्ग एकाच वेळी. मुलीच्या हाती फोन देण्यास घरच्यांची नाराजी. जंगलकाठच्या गावात टॉवर मिळत नाही. रोवणीच्या दिवसांत तर कित्येक विद्यार्थी बांधीत असतात. यासाठी शिक्षकांनी तास ध्वनिमुद्रित करून ठेवावा, कमी डेटा लागणारी ध्वनिफीत द्यावी आणि जो काम कागदावर करून आणील त्याचे गुण कापू नयेत.

दुसरी अडचण अशी की, या कंपन्या जाहिरातीवर चालतात. आपण जे अधिक पाहतो तेच त्या पुन्हा पुढे करतात. त्यामुळे एकाच विचाराचे, एकाच गटाचे संदेश पाहता पाहता सारे जग असेच बोलते, असा भ्रम होतो. त्यावर उपाय जुनाच आहे. रोज किमान दोन वेगवेगळी वृत्तपत्रे वाचावीत आणि महिन्याला एक पुस्तक पूर्ण करावे.

७. मंडळाने काय करावे?

मंडळाच्या वाचनालयात एक संगणक व इंटरनेट जोडणी असावी आणि ठरावीक वेळ मुलींसाठी राखून ठेवावी. जुन्या स्मरणिका कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये जुळविल्या जात. तो मजकूर इंटरनेटवर शोधता येत नाही. संवादशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तो युनिकोडमध्ये आणण्याचा प्रकल्प हाती घ्यावा. १९५४ च्या भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेब उमेदवार होते. तो काळ पाहिलेली माणसे आता फार थोडी राहिली आहेत. त्यांचे बोलणे नाव, गाव, तारीख यांसह ध्वनिमुद्रित करून ठेवणे हे काम उद्यावर टाकता येण्यासारखे नाही.

विद्यार्थी मित्रांनो, १९२० मध्ये बोलणाऱ्याजवळ विचार होता, पण छापखान्याचे पैसे नव्हते. आज छापखाना प्रत्येकाच्या खिशात आहे. तेव्हा जे महाग होते ते आता स्वस्त झाले. पण गावात जाऊन विचारणे, कागद तपासणे, चार वेळा खोडून लिहिणे यांची किंमत तेव्हा होती तेवढीच आजही आहे. ती मोजण्याची तयारी ज्याच्याजवळ आहे, त्याने या अभ्यासक्रमाकडे अवश्य वळावे. बटणे दाबणे कोणीही शिकवील. दाबण्यापूर्वी काय करावे, हे शिकण्यासाठीच कॉलेज आहे.